खालच्या हुकावरचं हिरवं कार्ड

१

वाचनखोलीच्या दाराला बाहेरून कडी होती आणि आत मुलं होती.

सुरक्षेच्या सरावाच्या दिवशी, तेही कायदा करणारी समिती शाळेत पाहुणी आलेली असताना, याहून वाईट घडायचं तर खरीखुरी आगच लागायला हवी होती. भोंगा वाजला, वर्ग शिस्तीत खाली उतरले, मैदानात रांगा लागल्या, इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं होतं. मग हजेरी सुरू झाली आणि या रांगेत एक, त्या रांगेत दोन अशी मुलं कमी निघू लागली. समुपदेशक ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "माझी वाचनखोलीतली मुलं!" म्हणून त्या जिन्याकडे धावल्या. त्यांच्यामागे पीटीचे सर, त्यांच्यामागे हेडबाई आणि सर्वांत शेवटी, स्वतःच्या गुडघ्यांशी भांडत, विमाआजी.

विमाआजी या शाळेच्या सुरक्षा पथकात पालकांच्या वतीने होत्या. शाळेत नात शिकते म्हणून आजी, आणि सगळी नोकरी विमा कंपनीत खोटे दावे उघडे पाडण्यात गेली म्हणून विमा. स्वतःच्या गोदामाला स्वतःच काडी लावून गळा काढणारे व्यापारी त्यांनी इतके पाहिले होते, की कुणी रडत आलं तर त्या आधी त्याचा रुमाल ओला आहे का ते बघायच्या. लोकांना ही सवय खवचट वाटे. आजींना तिचा अभिमान होता.

पीटीच्या सरांनी कडी काढली. दार जेमतेम उघडलं, कारण आतून फटीत ओले रुमाल कोंबलेले होते. मुलं खिडकीखाली जमिनीला टेकून बसली होती आणि त्यांच्या मधोमध आजींची नात, एका रडवेल्या पोराचा हात धरून.

"आम्ही दार वाजवलं, आजी," नात म्हणाली, "पण भोंग्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मग ताईंनी शिकवलंय तसं केलं. रुमाल भिजवले आणि खाली बसलो."

आजींनी तिला पोटाशी धरलं. बाप गेल्यावर हीच पोर महिनोन् महिने शाळेचं नाव काढलं की उंबरा धरून बसायची. वाचनखोलीतल्या शांत तासाला बसवून, बोलतं करून तिला परत आणलं ते या ताईंनी. आजींना गहिवरून आलं आणि लगेच रागही आला.

कारण दाराच्या खालच्या हुकाला हिरवं कार्ड लटकत होतं. हिरवं कार्ड म्हणजे खोली तपासली, आत कुणी नाही.

"वर्ग उतरल्यावर मी वरचा मजला बघत आलो," पीटीचे सर घाम पुसत म्हणाले, "कार्ड दिसलं आणि पुढे गेलो. नियमच आहे तसा."

मागून समितीचे सचिव वर आले होते. त्यांनी दार पाहिलं, मुलं पाहिली आणि शांतपणे विचारलं, "ही मुलं कुणाच्या ताब्यात होती?"

सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या.

२

हेडबाईंच्या खोलीत समिती बसली. समिती म्हणजे दोनच माणसं, पण खुर्च्या त्यांनी चार माणसांच्या अडवल्या होत्या. अध्यक्षाबाईंनी शाळा सुरक्षा कायद्याचा मसुदा लिहिला होता आणि येत्या आठवड्यात तो सभागृहापुढे जायचा होता. प्रत्येक सरकारी शाळेत सुरक्षा पथक, पथकात एक समुपदेशक, आणि त्याच्या पगाराला सरकारी निधी. या शाळेने कायद्याची वाट न बघता पथक उभं केलं होतं. ताईंचा पगार पालकांच्या वर्गणीतून जात होता आणि ती वर्गणी आता आटली होती.

"मला बोलावणं आलं, पाहुण्यांना भेटायला या म्हणून," ताई सांगत होत्या. "मी मुलांना सांगितलं, आत्ता येते. दार उघडं ठेवून खाली आले. तुमच्याशी बोलत असतानाच भोंगा झाला. वर जायला निघाले तर जिन्यावरून वर्ग उतरत होते. उतरत्या रांगेतून उलटं वर जायचं नाही, हा आमचा पहिला नियम. म्हणून मी बाहेर गेले."

"नियम पाळलात आणि मुलं विसरलात," सचिव म्हणाले. "जाताना सवयीने कडी लावलीत. सराव आज होणार हे माहीत होतं, म्हणून वेळ वाचवायला कार्डही आधीच अडकवून ठेवलंत. माणसं असंच करतात. मसुद्यात स्पष्ट आहे, चुकीला जबाबदार असलेल्याला पथकातून काढायचं."

"मी कडी लावली नाही."

"मग कुणी लावली?"

दाराशी उभा असलेला कॅमेरेवाला खाकरला. हा गृहस्थ महिनाभर शाळेच्या पायऱ्या झिजवत होता. निधी माणसांवर कशाला उधळता, कॅमेरे लावा, असं त्याचं पालुपद होतं. आजही वरच्या मजल्यावर तो भिंती मोजत फिरत होता. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "कॅमेरा असता तर हा प्रश्नच आला नसता. कॅमेरा विसरत नाही."

"आणि घाबरलेल्या पोराचा हातही धरत नाही," विमाआजी म्हणाल्या. "अध्यक्षाबाई, मला दुपारपर्यंत वेळ द्या. कडी कुणी लावली ते मी सांगते."

सचिव हसले. "आजी, हे काय विम्याचं प्रकरण आहे?"

"ते अजून ठरायचंय," आजी म्हणाल्या.

हेडबाई उठल्या, टेबलावरची पाण्याची बाटली त्यांनी ताईंपुढे सरकवली. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवर चिकटपट्टी होती. धावताना कठड्यावर खरचटलं, असं त्यांनी मघाशीच सांगितलं होतं. "विमाआजींना वेळ द्या," त्या म्हणाल्या. "आमच्या ताई असं करणार नाहीत."

तेवढ्यात बाहेरून प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचा आवाज आला. "आजी, वर या जरा! दारावर काहीतरी उमटलंय!"

३

या मदतनिसाला सगळी शाळा डावरे म्हणायची, कारण तो सगळं डाव्या हाताने करायचा. त्याचं आडनाव वेगळंच होतं, ते आता त्याच्या बायकोलाही आठवत नसावं. तोही पथकात होता.

वाचनखोलीचं दार पाहुण्यांसाठी आदल्या संध्याकाळी निळ्या तेलरंगाने रंगवलं होतं आणि रंग अजून पुरता वाळला नव्हता. डावऱ्याने सकाळी 'ओला रंग' अशी पाटीही लावली होती. त्या ओल्या निळ्यावर, छातीच्या उंचीला, चार बोटांच्या पेरांचे ठसे उमटले होते. उजवीकडचा ठसा सर्वांत लहान, करंगळीचा.

आजींनी चष्मा पुसला, ठशापुढे आपला हात धरून पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली.

"तळव्याचा ठसा नाही हा. मुठीचाही नाही. कुणीतरी दाराला हाताची मागची बाजू लावली."

"म्हणजे आपल्यापैकीच," डावरे हळूच म्हणाला.

हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. बंद दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून बघायची, तापलंय का ते, असं अग्निशमन दलाच्या माणसाने पथकाला शिकवलं होतं. हेडबाईंनी तर ते सगळ्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत करून घेतलं होतं. आजी हल्ली स्वतःच्या न्हाणीघराच्या दारालाही हाताची पाठ लावायच्या आणि सूनबाई तोंडाला पदर लावून हसायची.

आजींनी नातीला बोलावलं. "ताई गेल्या तेव्हा दार कसं होतं?"

"उघडं. रंगाचा वास येत होता म्हणून मीच म्हटलं, बंद नका करू."

"मग?"

"मग पावलं वाजली. दार लागलं, कडी लागली. आम्हाला वाटलं ताईच आल्या. आणि लगेच भोंगा."

"लगेच?"

"लगेच, आजी. आधी कडी, मग भोंगा."

आजी जिन्याकडे बघत राहिल्या. मग त्या डावऱ्याकडे वळल्या. "तुझी प्रयोगशाळा याच मजल्यावर. हात दाखव."

डावऱ्याने हात पुढे केले. डाव्या हाताच्या बोटांना निळा रंग होता. ठसाही डाव्याच हाताचा होता, म्हणून तर करंगळी उजवीकडे उमटली होती. डावऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

४

"अहो, ती पाटी लावताना लागला!" डावरे कळवळून म्हणाला. "आई शप्पथ!"

"ओरडू नकोस, मला माहीत आहे," आजी म्हणाल्या. "तुझा रंग बोटांच्या टोकाला आहे. पेरांवर ठिपकासुद्धा नाही. आणि दुसरं, दाराला कोणता हात लावायचा शिकवलंय?"

"कामाचा नाही तो. भाजला तरी कामाचा हात शाबूत राहिला पाहिजे."

"तुझा कामाचा हात डावा. तू उजवा लावला असतास. दाराला डावा लावणारा माणूस उजव्या हाताचा."

डावऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की पाटी हलली.

आजी खाली उतरल्या. कॅमेरेवाल्याला त्यांनी व्हरांड्यातच गाठलं. त्याच्यावर संशय घ्यायला सगळी शाळा टपलेली होती आणि खरं सांगायचं तर आजींनाही तो गुन्हेगार निघाला असता तर आवडलं असतं. पण आवडीनिवडीवर दावे निकाली निघत नाहीत.

"खोली रिकामी आहे, हे दाखवायला कार्ड कुठे लावाल?" त्यांनी विचारलं.

"दाराच्या मुठीला. आणखी कुठे?"

"खालचा हुक कशासाठी आहे?"

"छत्री अडकवायला?"

आजींनी त्याला सोडून दिलं. धुरात माणूस रांगत येतो, म्हणून खूण गुडघ्याच्या उंचीवर हवी, हे पथकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

पीटीचे सर भोंगा वाजेपर्यंत मैदानात शिट्टी फुंकत होते, ते समितीने खिडकीतून पाहिलं होतं. ताई समितीच्या समोर बसल्या होत्या, तिथून मैदानात आणि मैदानातून वर, क्षणभरही नजरेआड झाल्या नव्हत्या. दोघांचेही हात आजींनी पाहिले. लहान मुलांची नखं तपासतात तसे पुढे करायला लावले, उलटे करायला लावले. स्वच्छ होते. तेलरंग पाण्याने निघत नाही.

पथकात पाच माणसं होती. त्यातल्या एक स्वतः आजी, त्या तर सकाळपासून पाहुण्यांच्या शेजारी बसून होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आजी स्वतःलाच म्हणाल्या. भोंग्याचं बटण वरच्या मजल्यावर, जिन्याशेजारी होतं. अध्यक्षाबाईंनी "आता करा सराव" म्हटल्यावर ते दाबायला एक व्यक्ती एकटी वर गेली होती. सगळ्यांनी तिला जाताना पाहिलं होतं आणि म्हणूनच कुणीही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

आजींनी हेडबाईंच्या खोलीचं दार ढकललं आणि आत जाऊन ते लावून घेतलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "ती चिकटपट्टी काढा."

५

हेडबाईंनी आधी बोटं मिटून घेतली. मग त्यांनी पट्टी ओढून काढली. चारही पेरांवर निळा रंग होता आणि तो घासून घासून कातडी लाल झाली होती.

"दार लावलं, कडी लावली," त्या म्हणाल्या, "आणि हात आपोआप दाराला गेला. आग नाही, काही नाही, मलाच ठाऊक होतं. तरी गेला. कार्डसुद्धा वाकून खालच्या हुकाला लावलं."

"फार चांगलं शिकवलंत तुम्ही, स्वतःलासुद्धा," आजी म्हणाल्या. त्यांना राग होता, पण हसूही आलं, आणि त्याचाच पुन्हा राग आला. "मी विम्यातली बाई. नुकसान कुणाचं झालं हे सगळे विचारतात, मी फायदा कुणाचा ते विचारते. स्वतःचंच गोदाम का पेटवलंत ते सांगू? मसुद्यात कलम आहे, जिथे उणीव आढळेल त्या शाळांना निधी आधी. ज्यांचं पथक चोख, त्यांना उरलंसुरलं."

"उरलंसुरलं म्हणजे काहीच नाही!" हेडबाई उसळल्या. "आजी, आम्ही सगळं नीट केलं. कायदा यायच्या आधी केलं. आणि नीट केलं म्हणून आम्ही रांगेत शेवटी! पुढच्या महिन्यात ताईंना द्यायला वर्गणी नाही. त्या गेल्या की तुमच्या नातीसारखी पोरं पुन्हा घरी बसणार. मला एक छोटीशी चूक हवी होती. मुलं थोडा वेळ आत राहतील, मीच जाऊन काढीन, आणि म्हणेन, बघा, माणसं कमी पडतात. वाटलं, ठपका शाळेवर येईल. ताईंवर येईल असं डोक्यातसुद्धा आलं नाही."

"आणि आला तेव्हा? पाण्याची बाटली सरकवलीत."

हेडबाईंनी काढलेली पट्टी मुठीत चुरगळली.

"ज्या ताईंसाठी हे केलंत, त्यांनाच सचिव आज काढतायत," आजी म्हणाल्या. "आतमध्ये माझी नात होती, बाई. बंद दाराला ती किती भ्यायची हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही शाळेवर जीव टाकता हे मान्य. पण कुंपणानेच शेत खायला सुरुवात केली तर राखायचं कुणी?"

"मी खरं सांगितलं तर शाळेला छदामही मिळणार नाही."

"नाही मिळाला तर मी दारोदार वर्गणी मागेन, मला लाज नाही. पण समितीपुढे तुम्ही बोलता की मी बोलू?"

हेडबाई उठल्या.

६

त्यांनी समितीला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. रंगलेला हात त्यांनी टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पीटीचे सर छताकडे बघत बसले. सचिव म्हणाले, "म्हणजे अधिकच गंभीर. शाळेचं नाव यादीतून—"

"थांबा," अध्यक्षाबाई म्हणाल्या. त्यांनी मसुद्याची पानं उलटून ते कलम काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. "हे वाक्य माझं आहे. गरजू शाळांना आधी, असं माझ्या मनात होतं. लिहिताना मात्र मी लिहिलं, चुका दाखवा आणि निधी न्या. इथे एका बाईंनी दाखवली. उद्या किती शाळा दाखवतील?"

"आणि त्यांच्या दारांवर ओला रंग नसेल," विमाआजी म्हणाल्या. "अध्यक्षाबाई, आजची उणीव पथकाची नाही. पोरं कोंडली गेली आणि एकही पोर बिथरलं नाही. रुमाल भिजवून फटीत कोंबले, खाली बसली, एकमेकांना धरून राहिली. हे कुठल्या यंत्राने केलं? ज्या शाळेत ते शिकवणारं माणूस आहे, तिथे ते माणूस टिकवायला पैसे द्या. जिथे नाही तिथे आणायला द्या. चूक करून दाखवायची अट कशाला?"

अध्यक्षाबाईंनी पेन काढलं आणि त्या वाक्यावर आडवी रेघ ओढली. सभागृहात त्याचं काय होईल हे त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण रेघ ठसठशीत होती. मग त्या ताईंकडे वळल्या. "तुमच्यावरचा ठपका गेला. यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची तर तो तुमचा हक्क आहे."

ताईंनी डोळे पुसले. "तक्रार तुमची तुम्ही करा. मला एवढंच हवंय, की बाईंनी वर येऊन मुलांना खरं सांगावं. कडी त्यांनी लावली म्हणून. नाहीतर ही मुलं आयुष्यभर दाराकडे बघत बसतील."

हेडबाईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. समितीपुढे बोलणं त्यांना जमलं होतं.

त्या वर गेल्या. खुर्चीवर न बसता मुलांसमोर जमिनीवर बसल्या. "दार मी लावलं," त्या म्हणाल्या. "चुकून नाही. ताईंचा पगार यावा म्हणून आपली शाळा चुकते असं मला दाखवायचं होतं. तुम्ही घाबरलात. मला माफ करा. उद्यापासून मी पथकात नसेन, कदाचित या शाळेतही नसेन."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. हेडबाई माफी मागतायत हेच त्यांना नवीन होतं. मघाचं रडवेलं पोर ताईंना चिकटून बसलं.

आजींच्या नातीने बराच विचार केला. तिच्या कपाळावर आठी पडली होती, अगदी आजीसारखी.

"पण बाई," ती म्हणाली, "कडी कशाला लावलीत? ताईंसाठी आहे असं सांगितलं असतं, तर आम्ही आपणहून आत बसलो असतो."

हेडबाई तिथेच, मुलांच्या समोर, रडू लागल्या, आणि विमाआजींनी या वेळी रुमाल ओला आहे का ते पाहिलं नाही, आपला काढून दिला.